हरेश्वरच्या होडीचा आवाज

जुनं इंजिन घ्यायला गेलेला माणूस आधी म्हणतो, सुरू करून दाखवा. दत्ताराम तसं कधी म्हणत नसे. तो आधी इंजिनावर तळहात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा. विकणारे काय कमी हुशार असतात? गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे पहिल्या झटक्याला धडधडायला लागतं. हाताला जरा कोमट लागलं की दत्ताराम म्हणायचा, "चहा पिऊन येतो, शेठ. गार होऊ दे त्याला." आणि खरोखर गार होईपर्यंत बाहेरच्या टपरीवर बसून राहायचा.

मग तेलाचं झाकण उघडायचं. तेल ताकासारखं पांढरट दिसलं, तर आत पाणी शिरलंय, हात जोडून निघायचं. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकायचं. आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न विचारायचा: "होडी कुठल्या बंदराची?"

हा प्रश्न यंत्राचा नव्हता, धर्माचा होता. ज्या होडीने माणूस गमावला, तिचं इंजिन त्या बंदरात ठेवत नाहीत. मोडत नाहीत, टाकून देत नाहीत, लोखंडाचा काय दोष? पण लांब पाठवतात. वर गुजरातेत नाहीतर खाली तळकोकणात. जिथे त्या माणसाला कुणी ओळखत नाही, तिथे ते पुन्हा पोट भरायला लागतं. दत्ताराम हे लहानपणीच शिकला होता. त्याचं मूळ गाव देवगडकडचं, वडील गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा मामाने त्याला लाँचीवर तेल पुसायला लावलं, आणि तेल पुसता पुसता तो इंजिनाचा डॉक्टर झाला. आता राहायला दिंडोशीला, बायको नलिनी आणि तो. मुलगी जान्हवी लग्न होऊन नाशिकला. रोज सकाळी देवाला हात जोडून, डबा घेऊन तो मढच्या बसच्या रांगेला लागायचा. मढ, भाटी, वेसावे, जिथे होडी अडली तिथे दत्ताराम.

"लोकांचे नवरे हापिसातून घामाचा वास घेऊन येतात," नलिनी म्हणायची, "माझ्या नशिबी डिझेल."

"डिझेलच्या वासाला डास येत नाहीत."

"मीपण येणार नाही एक दिवस. तेव्हा कळेल."

असा त्यांचा संसार.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी मढच्या रतन कोळ्याला त्याच्या छोट्या होडीसाठी इंजिन हवं होतं. दत्ताराम दारुखान्यात, जुन्या लोखंडाच्या बाजारात गेला आणि त्याला दोन सिलिंडरचं एक इंजिन सापडलं. हाताला थंडगार, तेल स्वच्छ. वरून नवा हिरवा रंग मारलेला, नंबराची पट्टी नव्हती. पण जुन्या मालात पट्टी कुणाला असते? क्रँक हाताने फिरवून बघितला, तर कसा मऊ लोण्यासारखा फिरला.

"कुठल्या बंदराचं?"

"हर्णै," शेठ म्हणाला. "मालकाने मोठी बोट घेतली, म्हणून काढलं."

सुरू केलं तेव्हा त्यात एक खोड दिसली. ठक-ठक-ठक चालताना मध्येच एक ठोका अंमळ उशिरा पडायचा, लंगड्या माणसाने पाय ओढावा तसा. ठक-ठक, ठक... ढक. शेठ घाईघाईने म्हणाला, "पंप बदलून देतो." दत्ताराम नको म्हणाला. जुन्या माणसाची आणि जुन्या इंजिनाची खोड काढायला जाऊ नये, ती त्याच्या चालीत मुरलेली असते, हे त्याचं मत होतं.

घरी आणून, म्हणजे मढला रतनच्या झावळ्यांच्या झापाखाली ठेवून, त्याने ते सगळं उघडलं. इंजिन गार ठेवायला पाणी खेळतं त्या जागेत चिखल साचला होता. तो खरवडताना दत्तारामचा हात थांबला. हर्णैला काही हा असा काळा, चिकट, खाडीचा चिखल नसतो. बोटावर घेऊन त्याने वास घेतला. क्षणभर वाटलं, शेठला फोन लावावा. पण इंजिन इतकं गुणी होतं, रतन रोज दहा वेळा येऊन विचारत होता, आणि सण दारात होता. काळा चिखल काय, मुंबईभोवती कुठेही लागतो, असं म्हणून त्याने बोट कापडाला पुसलं.

पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि दोन दिवसांनी इंजिन होडीत बसलं. दत्तारामची रीत अशी, की इंजिन पहिल्यांदा सुरू करायच्या आधी तो आपल्या गावच्या भाषेत गाऱ्हाणं घालायचा. होडी कोळ्याची, गाऱ्हाणं मालवणी, पण कुणी कधी हरकत घेतली नाही. रतन आणि त्याचा भाऊ प्रीतम हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या इंजान ह्या होडयेत बसवलला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण हेच्यार बसान दर्यात जायत, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला, हँडल फिरलं, इंजिन बोलायला लागलं. ठक-ठक, ठक... ढक.

किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या वलांडीपाशी बायका बसल्या होत्या. त्यांचं बोलणं एकदम थांबलं. जाळं विणणाऱ्या एका म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली आणि पाठ फिरवून तो घराकडे निघून गेला. आणि एक बाई उठून उभी राहिली. उंच, पन्नाशीची, हातात हिरव्या बांगड्या. नुसती होडीकडे बघत राहिली, दारात अनोळखी पाहुणा यावा आणि त्याच्या अंगावर आपल्या घरातला सदरा असावा, तशी.

दत्तारामला वाटलं, आवाज आवडला नसेल.

*

महिनाभराने एका रविवारी दिंडोशीच्या घरी एक मुलगी आली. दीप्ती नाव सांगितलं. मालाडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. नलिनीने पाणी आणि गूळ-शेंगदाणे दिले, दीप्तीने ती वाटी तशीच बाजूला सारली.

"काका, रतनदादाच्या होडीला इंजिन तुम्ही बसवलंत ना?"

"मीच. काय, त्रास देतं?"

"त्याला नाही देत."

मग तिने सांगितलं. तिचे वडील हरेश्वर, मढचेच. तीन वर्षांपूर्वी जवळच लावलेलं जाळं बघायला एकटेच होडी घेऊन गेले. होडी दुसऱ्या दिवशी वसईच्या अंगाला मिळाली. कुठे फुटली नव्हती, पाणी भरलं नव्हतं. जेवणाचा डबा जागेवर. माणूस मात्र नव्हता, आणि टाकीत डिझेलचा थेंब नव्हता.

"म्हणजे बाबा पडल्यावरही ते चालतच राहिलं," दीप्ती म्हणाली. "संपेपर्यंत. एकटंच."

नलिनीने पदर तोंडाला लावला. दत्ताराम खाली बघत होता. त्याला आपलं बोट दिसत होतं, काळ्या चिखलाचं.

"आमच्या काकाने रीतीप्रमाणे इंजिन लांब पाठवायला काढलं होतं. दारुखान्यात दिलं आणि शेठला सांगितलं, हे मुंबईत विकू नको. आमच्याकडे बायका होडी दिसायच्या आधी आवाजावरून ओळखतात, काका. कोण आलं, कोण नाही आलं. हा आवाज तर पोरंसुद्धा ओळखायची. लंगडा हरेश्वर आला, म्हणायची. बाबा लंगडे नव्हते, इंजिन लंगडं होतं."

"आई कशी आहे तुझी?" नलिनीने विचारलं.

"आईने अजून बाबांचं काहीच केलेलं नाही, काकी. मयत मिळालं नाही तर कसलं करायचं, म्हणते. तरी हळूहळू सावरली होती. आता आवाज आला की भाजीला फोडणी दिलेली असली तरी उठते आणि खाली जाते. होडी भरतीप्रमाणे येते, कधी दुपारी, कधी तिन्हीसांजेला. परवा कमरेएवढ्या पाण्यात गेली होती. रतनदादाने हाताला धरून आणली. आईला पोहता येत नाही. मी लॅबमध्ये असते, रोज कशी धरून ठेवू? तुम्ही तो आवाज तेवढा बदला. बाकी काही मागत नाही."

ती गेल्यावर नलिनीने देव्हाऱ्यातल्या निरांजनात तूप घातलं आणि तिथेच बसून राहिली. वात सारखी करत म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत ना, कुठल्या बंदराचं?"

"विचारलं होतं."

"मग तुमचा दोष नाही."

त्या रात्रीपासून दत्तारामची झोप गेली असं नाही. झोपायचा माणूस व्यवस्थित. पण दिवसा त्याला ते ऐकू यायला लागलं. सिग्नलला बस उभी राहिली की तिच्या गुरगुरण्यात एक ठोका मागे पडायचा. शेजारच्या घरी वाटणाचा मिक्सर लागला, त्यातही. एकदा जेवताना त्याने हात वर करून नलिनीला गप्प केलं आणि कान देऊन बसला. नलिनी म्हणाली, "अहो, पंखा आहे तो." तिने पंखा बंद केला. पाती थांबेपर्यंत दोघं वर बघत राहिली.

*

तो मढला गेला तेव्हा रतन वैतागलेलाच होता.

"तूच सांग दत्ता, माझा काय गुन्हा? इंजिन घेतलं ते चोरीचं नाय. मासळी चांगली मिळते. पण मी बंदरात शिरलो की लोक माझ्याकडं बघतच नाय, माझ्या मागं बघतात. जसा काय मागं कोणी बसलाय."

"बसलाय का?"

रतन हसला नाही. "प्रीतम आता सुकाणूकडं पाठ करून बसत नाय. विचार त्याला. काय दिसत नाय, म्हणतो, पण बसत नाय."

"काढून टाकूया मग. दुसरं बघतो."

"आन् एवढं गुणी इंजिन परत मिळल? तू आवाज बदल. मीपण तेच म्हणतो. बाकी त्याला हात लावू नको."

संध्याकाळी भरतीला होडी यायची वेळ झाली. त्या दिवशी प्रीतम एकटा घेऊन गेला होता. दत्ताराम धक्क्यावर बसला. आधी काही नव्हतं, नुसता वारा. मग पाण्यावरून ते आलं, लांबून, ठक-ठक, ठक... ढक. आपणच बसवलेलं, आपणच स्क्रू-न्-स्क्रू आवळलेलं इंजिन. तरी त्याला वाटलं, हे रतनच्या होडीचं नव्हेच.

वनमाला घरातून आली. दीप्तीची आई ती हीच, त्या दिवशी वलांडीपाशी उभी राहिलेली. पदर खोचून, घाई न करता, बाजारात निघालेल्या बाईसारखी ती सरळ पाण्यात शिरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. मान एका बाजूला कलती. होडी बाहेर खडकापलीकडे आली, तिथे नांगर टाकायच्या जागी इतर होड्याही घरघरत होत्या, लाटा खडकावर आपटत होत्या, आणि त्या गलक्यात तो आवाज मिसळून गेला. वनमाला आणखी एक पाऊल पुढे गेली. मग तशीच उभी राहिली. मग परत फिरली.

दत्तारामच्या बाजूने जाताना तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. साडीतून पाणी गळत होतं.

घरी जाताना त्याने ठरवलं. पंपाचा झिजलेला भाग बदलायचा, धूर जायचं ते जुनं, जोड दिलेलं लोखंडी कोपर काढून नवं घालायचं. लंगडा ठोका जाईल. हरेश्वरच्या होडीचा आवाज या जगात राहणार नाही. नलिनीला सांगितलं, तर ती तांदूळ निवडत होती. निवडतच म्हणाली, "तिला विचारलंत का?"

"कुणाला?"

"जिचा आवाज आहे तिला."

"तिची मुलगी सांगून गेली ना."

"मुलगी सांगून गेली," नलिनी म्हणाली आणि ताटातले खडे बाहेर टाकले.

*

कामाचा दिवस ओहोटीचा धरला होता. होडी चिखलावर कलंडून उभी, दुपारचं ऊन, रतन हाताशी. दत्तारामने इंजिनाला पाणी मिळावं म्हणून गोड्या पाण्याचं पिंप बाजूला ठेवलं आणि त्यात पाईप सोडला. हत्यारं कापडावर मांडली. पहिला बोल्ट सैल केला, तेवढ्यात चिखलात पावलं वाजली.

वनमाला होती. तिच्यामागे धावत आलेली, धापा टाकणारी दीप्ती.

"आई, तू चल बघू घरी. काकांना त्यांचं काम करू दे."

"मी कई अडवतंय?" वनमाला होडीला टेकून उभी राहिली. दत्तारामला म्हणाली, "तू बदलाला आयलास ना?"

"होय, वहिनी."

"बदल. पोरीचा जीव टांगनीला लागलाय, मना दिसतंय. गावाला वाटतंय मी येरी झालंय."

"वेडी कोण म्हणतं तुम्हाला, तसं नाही—"

"तसाच हाय. मी येरी नाय रं. तो मेलाय, ता मना पयल्या दिवशीच समाजला. रतनचे होरीन रतनच बसतंय, ताव मना दिसतंय. डोले फुटले नाय माजे."

दीप्ती रडकुंडीला आली. "मग पाण्यात कशाला जातेस गं?"

वनमालाने इंजिनाकडे बघितलं. मग बोलली ते लेकीशी नव्हे, दत्तारामशी बोलली, कारण इंजिनाचं त्यालाच कळणार होतं.

"त्या दिशी तो गेला, तवा मी दारान भांडी घाशीत होते. आवाज गेला, गेला, बारीक झाला. पन बंद झाला नाय. समाजलास? तो रोज येयाचा, खडकाच्या अलीकरं बंद कराचा, मना घरान आयकू येयाचा. मंगच मी चूल पेटवाची. त्या दिशी बंद झालेला मी आयकलाच नाय. तीन वरसा झाली, माज्या कानान ता चालूच हाय. आता रतन येतंय, पन तो बंद करतंय तिकरं, सगल्या होऱ्यांच्या गलबल्यान. मना आयकू येत नाय. म्हनून मी पान्यान जातंय. जरा जवल गेल्यावर तरी आयकू येल."

रतनने तोंड फिरवलं. दत्तारामला आठवलं, दीप्ती म्हणाली होती, डिझेल संपेपर्यंत एकटंच चालत राहिलं; आणि त्याला आत्ता कळलं, की ते वसईच्या अंगालाही थांबलं नव्हतं, ते या बाईच्या कानात चालत राहिलं होतं, आणि गेले काही दिवस थोडं त्याच्याही.

त्याने सैल केलेला बोल्ट पुन्हा आवळला.

"वहिनी, वर या."

रतनने हात दिला. वनमाला होडीत चढली आणि सुकाणूपाशी बसली नाही, तिथे जागा सोडून इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला बसली. दीप्ती खाली चिखलातच उभी, होडीची कड धरून. दत्तारामने हँडल घातलं. गाऱ्हाणं घालावं असं मनात आलं, पण त्यासाठी त्याच्याकडे शब्द नव्हते. सुखरूप घराक हाड, हे आता कुणाला म्हणायचं? त्याने नुसते हात जोडले आणि हँडल फिरवलं.

ठक-ठक, ठक... ढक.

भर दुपारी, ओस किनाऱ्यावर, दुसरी एकही होडी चालू नव्हती. आवाज खडकावर जाऊन परत येत होता. कोळीवाड्यातल्या दोन-चार घरांच्या दारात बायका आल्या आणि तिथेच थांबल्या. वनमालाने डोळे मिटले. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होती, की नवऱ्याशी बोलत होती, दत्तारामला कळलं नाही, आणि त्याने ऐकायचा प्रयत्नही केला नाही. पिंपातलं पाणी कमी होत चाललं तरी त्याने तिला घाई केली नाही.

तिने डोळे उघडले.

"आता बंद कर."

बंद करायची दांडी ओढणं हे दत्तारामने आयुष्यात किती वेळा केलं असेल, त्याला हिशेब नव्हता. त्या वेळी मात्र हात उचलेना. त्याने वनमालाकडे बघितलं, तिने मान हलवली, तेव्हा त्याने दांडी ओढली.

डिझेल तुटलं तरी इंजिन लगेच थांबत नाही. आतलं चाक फिरत असतं, त्याच्या जोरावर काही ठोके अजून पडतात, एकापेक्षा एक लांब. ठक. ठक. मग वाटलं संपलं, आणि तो मागे राहिलेला, उशिराचा ठोका आला. ढक. त्यानंतर काही नाही.

वारा ऐकू आला. मग पाईपमधून पिंपात परत ठिबकणारं पाणी.

"झाला?" वनमालाने विचारलं.

"झालं, वहिनी."

तिने इंजिनावर तळहात ठेवला. ते चांगलंच तापलं होतं, चटका बसला असणार, पण तिने हात काढला नाही. मग रतनचा हात धरून खाली उतरली आणि लेकीला म्हणाली, "चल. डोक्यावरशी पानी घेवाचा हाय."

दीप्तीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने आईच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघी चिखलातून वर गेल्या. दारात उभ्या असलेल्या बायकांतली एक आत गेली आणि कळशी घेऊन बाहेर आली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

दत्तारामने संध्याकाळपर्यंत पंप बदलला, कोपर बदललं. रतनने सुरू करून बघितलं. कुणाच्याही होडीचं असावं तसं ते चालत होतं, एकसारखं, सरळ. काढलेले जुने भाग दत्तारामने रतनच्या ताब्यात दिले आणि भरतीला खडकापलीकडे सोडायला सांगितले.

दिंडोशीला पोचला तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. नलिनीने दार उघडलं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, चप्पल काढली, पण पाऊल आत टाकलं नाही.

"काय झालं?"

"बाहेरच पाणी दे," दत्ताराम म्हणाला.

नलिनीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. कोण गेलं, केव्हा गेलं, काहीच विचारलं नाही. मोरीतली बादली उचलली, जिन्याजवळच्या नळाखाली भरली आणि तांब्यासकट त्याच्या पुढ्यात आणून ठेवली.